ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: समलिंगी जोडप्यांनी फाईल कशी बांधायची

पहिली गोष्ट, गे किंवा लेस्बियन जोडपं म्हणून तुमच्यासाठी वेगळा फॉर्म, वेगळी रांग किंवा वेगळी फी असं काही नाहीये. १ जुलै २००९ पासून ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन कायद्यात डी फॅक्टो (लग्न न करता जोडप्यासारखं एकत्र राहणारे) जोडीदार म्हणून समलिंगी जोडपी धरली जातात, ९ डिसेंबर २०१७ पासून लग्नही कायदेशीर आहे आणि दुसऱ्या देशात कायद्याने झालेलं समलिंगी लग्नही त्याच तारखेपासून तिकडे चालतं. त्याआधी अशा जोडप्यांसाठी 'इंटरडिपेंडन्सी' नावाचा वेगळा व्हिसा असायचा, तो प्रकार कधीच बंद झाला.

मग अडतं कुठे? पुराव्यात. ही पुराव्यांची यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यासमोर जे जोडपं होतं त्यांचा भाडेकरार दोघांच्या नावावर असतो, बँकेत जॉइंट अकाउंट असतं, दोन्हीकडचे आईबाप फोटोत असतात. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हेच नातं वर्षानुवर्षं 'रूममेट आहे' असं सांगून जगलेलं असतं, आणि नातं लपवायचं म्हणून कागद मुद्दाम होऊ दिलेले नसतात. म्हणून आपल्या फाईलला दोन कामं करावी लागतात, जे आहे ते दाखवायचं आणि जे नाही ते का नाही हे आपणच सांगायचं. दुसरं काम लोक सोडून देतात आणि मग ऑफिसर त्या रिकाम्या जागेचा अर्थ स्वतःच्या मनाने लावतो.

आधी कुठला व्हिसा ते ठरवा

अर्ज करणारा ऑस्ट्रेलियात असेल तर ८२०/८०१, बाहेर असेल तर ३०९/१००. पहिला आकडा तात्पुरत्या व्हिसाचा, दुसरा कायमच्या, पण अर्ज एकदाच आणि फीही एकदाच. तिसरा पर्याय ३००, म्हणजे प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा, हा बाहेरूनच मागायचा असतो, मोठं झाल्यावर दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, मंजूर झाला की ९ ते १५ महिने मिळतात आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन लग्न करून तिथूनच ८२० चा अर्ज करायचा. त्या दुसऱ्या अर्जाची फी कमी असते पण एकूण खर्च वाढतोच.

तरी माझ्या मते आपल्या लोकांसाठी ३०० हा फार कामाचा व्हिसा आहे आणि उगाच दुर्लक्षित राहतो. जिथे राहता तिथे लग्न करता येत नाही, एकत्र घर घेता येत नाही, म्हणजे ना नवरा-नवरा ना डी फॅक्टो, अशा जोडप्याला दुसरा सरळ रस्ता कुठला? भारतात सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा जाच काढला पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी लग्नाला मान्यता काही दिली नाही, तेव्हा भारतात राहून लग्नाचा दाखला मिळण्याचा प्रश्नच नाही.

काही जण व्हिजिटर व्हिसावर जाऊन लग्न करतात आणि तिथूनच ८२० टाकतात. हे बेकायदेशीर नाही, पण व्हिसाच्या पत्रात ८५०३ ही अट आहे का ते आधी बघा. ती असेल तर देशात राहून दुसरा व्हिसा जवळजवळ मागताच येत नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर ती बऱ्याचदा लावलेली असते. शिवाय फिरायला येतोय असं सांगून मनात दुसरंच असेल तर ते खोटं बोलणंच झालं, त्या वाटेला जाऊ नका.

लग्न, डी फॅक्टो की रजिस्टर

डी फॅक्टो म्हणून अर्ज करायचा तर अर्जाच्या तारखेआधीचे सलग १२ महिने तुम्ही डी फॅक्टो नात्यात असायला हवेत. नुसतं डेटिंग यात मोजत नाहीत. कामासाठी किंवा शिक्षणासाठी काही काळ लांब राहिलात तर चालतं, कायद्याचं म्हणणं एवढंच की तुम्ही एकत्र राहता किंवा निदान कायमचे वेगळे राहत नाही, पण लांब असतानाही संसार एकच होता हे दाखवावं लागतं.

या १२ महिन्यांतून सुटायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे राज्याच्या रजिस्टरमध्ये नात्याची नोंद. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि कॅनबेराचा एसीटी इथे ही सोय आहे, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत नाही. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात दोघांपैकी किमान एकजण त्या राज्यात राहणारा लागतो आणि अर्ज दिल्यावर २८ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे व्हिसा संपायच्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही. दोघांपैकी कुणाचं दुसऱ्याशी लग्न झालेलं असेल आणि घटस्फोट झाला नसेल तर नोंद होत नाही.

लग्न करायचं असेल तर तिथलं नागरिकत्व किंवा पीआर (कायमचं वास्तव्य) लागत नाही. मॅरेज सेलिब्रंट, म्हणजे लग्न लावून देणारा अधिकृत माणूस शोधायचा, त्याच्याकडे नोटीस ऑफ इंटेंडेड मॅरेज द्यायची, ती लग्नाच्या किमान १ महिना आधी आणि जास्तीत जास्त १८ महिने आधी. १८ वर्षांवरचे दोन साक्षीदार हवेत. बस. समारंभानंतर सेलिब्रंट जो सजावटीचा कागद देतो त्यावर न थांबता राज्याच्या रजिस्ट्रीतून अधिकृत सर्टिफिकेट मागवा.

पण लग्न काय किंवा रजिस्टर काय, दोन्हींनी फक्त १२ महिन्यांची अट जाते. नातं खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं तेवढंच राहतं. नोंद करून निवांत बसलेली आणि मग पुरावा कमी म्हणून नकार मिळालेली जोडपी असतात.

नोंदही शक्य नाही, लग्नही नाही, तर 'ठोस आणि सहानुभूतीची कारणं' दाखवून १२ महिन्यांत सूट मागता येते, आणि राहता त्या देशात असं नातं बेकायदेशीर असणं हे त्यात मांडता येतं. ही सूट मागून मिळेलच असं धरून चालू नका, पहिले दोन दरवाजे बंद असतील तरच हा.

स्पॉन्सर आणि पैसे

स्पॉन्सर म्हणजे तुमचा ऑस्ट्रेलियन पार्टनर: नागरिक, पीआर किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक. आयुष्यात दोनच जोडीदारांना स्पॉन्सर करता येतं आणि दोन्हींमध्ये ५ वर्षांचं अंतर लागतं, आणि तो स्वतः पार्टनर व्हिसावर आलेला असेल तर त्यालाही ५ वर्षं थांबावं लागतं, खास परिस्थिती असेल तरच अपवाद. त्याचीही पोलीस तपासणी होते आणि काही गंभीर गुन्हे निघाले तर ते अर्जदाराला सांगायला त्याने संमती द्यावी लागते. हे आधीच बोलून घ्या, फी भरल्यावर नको.

फी २०२५-२६ ला ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, दर १ जुलैला बदलते म्हणजे वाढतेच, आणि नकार आला तर परत मिळत नाही. मेडिकल, पोलीस दाखले, भाषांतरं वेगळी.

पुराव्याची चार खाती

डिपार्टमेंट (व्हिसा देणारं सरकारी खातं) नातं चार बाजूंनी बघतं: पैसे, घर, लोकांमधली ओळख, आणि एकमेकांशी बांधिलकी. चारही शंभर टक्के भरलेली असायला लागत नाहीत, एकूण चित्र बघतात, पण एखादं खातं पूर्ण रिकामं असेल तर का ते लिहा.

पैसे. जॉइंट अकाउंट असेल तर उत्तम, पण अर्जाच्या महिनाभर आधी उघडून त्यात एकदाच पैसे टाकलेलं अकाउंट काहीच सांगत नाही. त्यापेक्षा दोन वेगळ्या अकाउंटांमधून दर महिन्याला एकमेकांना गेलेले भाड्याचे, विजेच्या बिलाचे, किराण्याचे ट्रान्सफर जास्त बोलतात. स्टेटमेंट जसंच्या तसं टाकू नका, त्या ओळींना पिवळा रंग लावा आणि शेजारी लिहा, 'हे माझ्या वाट्याचं भाडं'. सुपर फंडात (ऑस्ट्रेलियातला निवृत्तीचा फंड) किंवा विम्यात एकमेकांचं नाव लाभार्थी म्हणून टाकलंय का? नसेल तर टाका, त्यासाठी कुणाला काही सांगावं लागत नाही.

घर. भाडेकरारात दोघांची नावं नसतील तर घरमालकाचं किंवा एजंटचं पत्र चालतं, एकाच पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली वेगवेगळी पत्रं चालतात, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता चालतो. आता खरी गोची, करारात तुम्ही 'को-टेनंट' किंवा 'फ्लॅटमेट' असाल, किंवा दोन बेडरूमचं घर घेऊन दोन खोल्या वेगळ्या दाखवल्या असतील. हे लपवू नका. 'घरमालकाला कळलं असतं तर घर मिळालं नसतं म्हणून आम्ही मित्र आहोत असं सांगितलं' हे एक वाक्य आणि त्यासोबत तेव्हाच्या चॅटमधला तो संवाद, एवढ्याने तोच करार तुमच्या बाजूने बोलायला लागतो. घरातली कामं कोण काय करतं हेही लिहायचं असतं. 'आम्ही सगळं मिळून करतो' असं नको, 'कपडे मी लावतो, बिलं तो भरतो, त्याची नाइट शिफ्ट असते तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे' असं हवं.

लोकांमधली ओळख. इथेच सगळे घाबरतात. घरच्यांना माहीत नाही, लग्नाकार्यात जोडीने जात नाही, फेसबुकवर काही नाही. हरकत नाही. नातं जगजाहीर असावं अशी अट कुठेही नाही, ज्यांना माहीत आहे ते ओळखतात का हे बघतात. तीन-चार मित्र, ऑफिसमधला एखादा सहकारी, बहीण किंवा चुलतभाऊ ज्याला सांगितलंय, शेजारी. दोघांना मिळून आलेलं निमंत्रण, ग्रुपवर ठरलेली ट्रिप, दोघांच्या नावाचं विमानाचं बुकिंग. फोटो निवडून टाका, वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या लोकांसोबतचे, खाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते. एकाच दिवशी तीन शर्ट बदलून काढलेले फोटो ऑफिसरला कळतात हो. आणि खाजगी, जवळिकीचे फोटो किंवा व्हिडिओ अजिबात टाकू नका, ते मागत नाहीत आणि त्याने काही सिद्धही होत नाही.

बांधिलकी. किती वर्षं ओळखता, लांब असताना कसे बोलत होतात, पुढे काय ठरवलंय. चॅट पाच हजार पानं टाकायचा मोह होईल, टाकू नका. प्रत्येक दोन-तीन महिन्यांतून एखादं पान, आणि मुद्दाम साधं पान निवडा. 'दूध आणतोस का, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट चारला आहे विसरू नको' हा मेसेज दहा बदामांपेक्षा जास्त खरा वाटतो. कॉल लॉगचा एखादा स्क्रीनशॉट दर काही महिन्यांचा. मृत्युपत्र केलं असेल तर तेही, आजारपणात संपर्कासाठी एकमेकांचं नाव दिलं असेल तर तो हॉस्पिटलचा फॉर्मही.

स्टेटमेंट: इथे वेळ घाला

दोघांनी आपापलं वेगळं लिहायचं. कसे भेटलात, नातं कधी पक्कं झालं, एकत्र राहायला कधी लागलात, चार खात्यांबद्दल, पुढचे बेत. एकाने लिहून दुसऱ्याने नाव बदललं की लगेच दिसतं. तारखा मात्र जुळायला हव्यात, तेव्हा आधी दोघांनी बसून एका कागदावर तारखा काढा, बोर्डिंग पास आणि जुने ईमेल समोर घेऊन, आणि मग वेगवेगळ्या खोलीत जाऊन लिहा.

लपवण्याबद्दल कसं लिहायचं त्याचा नमुना देतो. बरेच जण लिहितात: 'आमच्या समाजात हे मान्य नसल्यामुळे आम्ही नातं गुप्त ठेवलं.' खरं आहे पण पोकळ आहे, कुणीही लिहील. याऐवजी असं: 'माझ्या आईवडिलांना मी अजून सांगितलेलं नाही. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. ते फोन करतात तेव्हा समीर दुसऱ्या खोलीत जातो. माझ्या धाकट्या बहिणीला माहीत आहे, तिचं पत्र सोबत जोडलं आहे.' (समीर हे उदाहरणाचं नाव.) यात कारण आहे, रोजचं वागणं आहे आणि पुराव्याचा धागा आहे. जितकं बारीक लिहाल तितकं विश्वासाचं. देशातल्या कायद्याची स्थिती एका परिच्छेदात टाका, निबंध नको.

आणि रडगाणंही नको. अडचणी सांगा पण फाईल नात्याची आहे, दुःखाची नाही.

फॉर्म ८८८

ओळखीच्या लोकांनी तुमच्या नात्याबद्दल द्यायचं हे निवेदन, किमान दोन हवीत. लिहिणारा १८ वर्षांवरचा असावा. बाकी देशातल्या मित्रांची, भावंडांची साधी सही केलेली पत्रं ओळखपत्राच्या कॉपीसोबत वेगळी जोडता येतात, ती जोडाच. आईवडिलांची पत्रं नसली तरी चालतं, त्या जागी ज्यांना घरातली परिस्थिती माहीत आहे अशा कुणाला तरी तेच लिहायला सांगा, 'मी दोघांना ओळखते, त्यांच्या घरी राहिले आहे, तिच्या आईला हे माहीत नाही आणि का ते मला ठाऊक आहे'. 'खूप छान जोडी आहे' या छापाच्या पत्राचा उपयोग शून्य, त्यांनी काय पाहिलं ते हवं.

जुने अर्ज, जुनं लग्न

यापूर्वी स्टुडंट किंवा व्हिजिटर व्हिसा घेताना तुम्ही 'सिंगल' लिहिलं होतं का? पार्टनरने स्वतःच्या पीआरच्या अर्जात काय लिहिलं होतं? सगळं रेकॉर्डला असतं आणि ताडून बघतात. भीतीपोटी तसं लिहिलं असेल तर आता स्टेटमेंटमध्ये सरळ सांगा. आताच्या अर्जात मात्र खोटी माहिती किंवा बनावट कागद चालणारच नाही, ४०२० या कलमाखाली नकार आला तर ३ वर्षांची बंदी लागू शकते.

घरच्यांच्या दबावाने बाईशी किंवा पुरुषाशी लग्न केलेले लोकही आहेत, याबद्दल कुणी बोलत नाही पण हे असतं. घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा जोडा. प्रक्रिया चालू असेल तरी डी फॅक्टो म्हणून अर्ज होऊ शकतो, कारण कागदावर दुसऱ्याशी लग्न असणं ही डी फॅक्टोला आडकाठी नाही, पण ते नातं खरोखर संपलंय आणि आता तुम्ही याच एका नात्यात आहात हे दाखवावं लागतं. अशा केसला स्वतःच्या जिवावर जाऊ नका, वकील किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंट गाठा. एजंटचा मार्न (नोंदणी) नंबर ओमारा या एजंटांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या सरकारी यादीत आहे का ते तपासा, नंबर नसलेला 'कन्सल्टंट' कितीही गोड बोलो.

पार्टनर ट्रान्स असेल आणि जुन्या-नव्या कागदांवर नाव किंवा लिंग वेगळं असेल तर नावबदलाचे कागद आणि सगळी जुनी नावं अर्जात द्या, पोलीस दाखलेही दोन्ही नावांचे लागू शकतात.

मेडिकल आणि पोलीस दाखले

गेल्या १० वर्षांत जिथे जिथे एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला, ऑस्ट्रेलियाचा असेल तर एएफपीचा, म्हणजे तिथल्या फेडरल पोलिसांचा. मेडिकल तपासणी मात्र डिपार्टमेंटने ठरवलेल्या डॉक्टरकडेच.

मेडिकलमध्ये एचआयव्हीची तपासणी असते आणि हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात म्हणून मोठ्याने सांगतो, पॉझिटिव्ह असलात म्हणून व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. उपचाराचा अंदाजे खर्च मोजतात, १ जुलै २०२४ पासून मर्यादा ८६,००० डॉलर आहे, आणि त्यावर गेला तरी पार्टनर व्हिसात 'हेल्थ वेव्हर' (आरोग्याच्या अटीतून सूट) मागता येतो, जो सगळ्या व्हिसांना मिळत नाही. त्यासाठी उपचार नीट चालू असल्याचं डॉक्टरचं पत्र, तुमची कमाई, ऑस्ट्रेलियात पार्टनरचं असलेलं बस्तान हे सगळं मांडावं लागतं.

अर्ज भरताना

सगळं इमीअकाउंट या डिपार्टमेंटच्या पोर्टलवर ऑनलाइन. आधी अर्जदाराचा अर्ज, फी भरली की एक ट्रान्झॅक्शन रेफरन्स नंबर येतो, तो वापरून पार्टनरने आपला स्पॉन्सरशिपचा फॉर्म भरायचा. फाईलचा आकार ५ एमबीपर्यंत, आणि फायलींच्या संख्येलाही मर्यादा आहे, म्हणून एका विषयाची एक पीडीएफ करा आणि नाव असं द्या की उघडायच्या आधी कळेल: 'पैसे, भाड्याचे ट्रान्सफर, २०२३ ते २०२५'. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर हवं, ऑस्ट्रेलियात करून घेत असाल तर नाटी या तिथल्या संस्थेच्या मान्यतेचा अनुवादक.

घरच्यांपासून लपवून करत असाल तर नवा ईमेल उघडा ज्याचा पासवर्ड घरात कुणाकडे नाही, पत्रव्यवहारासाठी घरचा पत्ता देऊ नका, फोन नंबर तुमच्याच हातातला द्या कारण ऑफिसर कधीतरी फोन करू शकतो. स्कॅनिंग आणि झेरॉक्स ओळखीच्या माणसाकडे तर मुळीच नको. मोबाइलवर स्कॅन होतं.

अर्ज गेल्यानंतर

ऑस्ट्रेलियात असाल तर निकाल येईपर्यंत राहण्यासाठी ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो, तो आधीचा व्हिसा संपल्यावर चालू होतो आणि त्यावर काम करता येतं. पण चालू झाल्यावर त्यावर देशाबाहेर गेलात तर परत येता येत नाही, घरी कुणी आजारी पडलं म्हणून जायचं तर आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढा, विमानात बसायच्या आधी. मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेसाठीही अर्ज करून टाका.

कायमच्या व्हिसाचा विचार अर्जाच्या तारखेपासून २ वर्षांनी होतो. अर्जाच्या वेळीच नातं ३ वर्षांचं असेल, किंवा २ वर्षांचं आणि दोघांचं मूल असेल, तर दोन्ही टप्पे एकदम मंजूर होऊ शकतात. मधल्या काळात पत्ता, पासपोर्ट, नोकरी बदलली तर कळवत राहा, आणि पुरावे जमा करणं थांबवू नका कारण दुसऱ्या टप्प्यावर पुन्हा हीच चार खाती मागतात.

नकार आलाच तर पत्रात कारणं आणि अपिलाची मुदत असते, अपील अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, जे १४ ऑक्टोबर २०२४ ला एएटी या जुन्या ट्रिब्युनलच्या जागी आलं. ती मुदत चुकली तर वाढवून मिळत नाही, पत्र आलं त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.

आणि पार्टनर मारहाण करत असेल, किंवा 'तुझ्या घरी सगळं सांगेन, व्हिसा रद्द करेन' अशा धमक्या देत असेल तर तोही कौटुंबिक हिंसाचारच आहे. व्हिसा रद्द करणं त्याच्या हातात नसतं, फक्त स्पॉन्सरशिप मागे घेता येते, आणि हिंसाचारामुळे नातं तुटलं तर त्यासाठीच्या खास तरतुदींखाली कायमचा व्हिसा मिळू शकतो. धमकीचे मेसेज पुसू नका, दुसऱ्या ईमेलवर पाठवून ठेवा, डॉक्टरकडे गेलात तर नोंद करायला सांगा, आणि डिपार्टमेंटला कळवायच्या आधी वकिलाशी बोला.